पेरलेली चूक

मास्तरांच्या बुद्धीला लागलेली ओहोटी ज्याच्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी आली, त्याला ती ओहोटी आहे हे कळले नाही. तो तिला पाठाचाच एक भाग समजत राहिला, आणि त्याला थेट विचारले गेले तेव्हा त्याने निःशंकपणे तसे सांगितलेही. आपल्या उतरत्या दिवसांची व्यवस्था आपल्याच मुखाने सांगावी, एवढा अवधी त्या वृद्धाजवळ तेव्हा शिल्लक होता. त्या उत्तरानंतर तो हळूहळू सरून गेला.

मास्तर हे शाळेत शिकवून झालेले मास्तर नव्हते. हयातभर त्यांनी एका छापखान्यात मुद्रिते तपासली होती. दुसऱ्याच्या लेखणीतून निसटलेली वेलांटी, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातून उलटे बसलेले अक्षर, पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ, या सर्वांना त्यांची नजर आपोआप जाऊन भिडत असे. निवृत्तीनंतर, पत्नीही निवर्तल्यावर, रिकाम्या दुपारी ते संगणकावर पोकर खेळावयास बसले ते केवळ वेळ जावा म्हणून. परंतु ज्याचा जन्म चुका शोधण्यात गेला त्याला नुसता वेळ घालवता येत नाही. काल खेळलेले डाव ते आज सकाळी पुन्हा उघडत आणि मुद्रितावरून पेन्सिल फिरवावी तशी एकेका चालीवरून नजर फिरवीत. काही वर्षांत त्यांचा खेळ असा निवळला की लोक त्यांच्याकडे शिकावयास येऊ लागले. मास्तर हे नाव त्या शिकणाऱ्यांनी दिले. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना झटपट विद्या हवी असे. ते आले तसे गेले. अखेर एकच टिकला.

तो दातांच्या लॅबमध्ये कारागीर होता. कवळ्या, टोप्या, पूल असे जे जे दंतवैद्य सांगतील ते तो प्लास्टरच्या साच्यांवर मेणाने घडवी. मास्तरांची वरची कवळी हिरडीला टोचू लागली, म्हणून ती घासून घेण्यासाठी ते स्वतःच लॅबमध्ये आले, तेव्हा हा मधल्या सुट्टीत फोनवर पोकर खेळत होता. हातात गुलामांची जोडी होती, टेबलावर एक्का आणि राजा उघडे पडले होते, आणि समोरचा खेळाडू तिसऱ्यांदा पैसे वाढवीत होता. याने तरीही डाव सोडला नाही.

काउंटरपलीकडून आवाज आला, "गुलामांचा एवढा लळा बरा नव्हे."

डाव गेला. कारागिराने ओशाळून फोन खिशात घातला आणि कवळी हातात घेतली. मास्तर म्हणाले, "ही टोचते म्हणून आलो होतो. पण तुमचे गुलाम मला जास्त टोचले."

तेथून त्यांचा संबंध सुरू झाला. मास्तर त्याला कधी नावाने हाक मारीत नसत. रविवारी सकाळी तो जिना चढून वर आला की ते आतूनच म्हणत, "या, कवळीवाले." आणि अहो-जाहो पहिल्या वाक्यापुरतेच असे, दुसऱ्यापासून तो 'अरे' होई.

कारागिराची आकांक्षा मोठी नव्हती, पण ती मनापासूनची होती. रोखीच्या पोकरमध्ये स्पर्धेसारखे कोणी बाद होत नाही, कोणी पहिला येत नाही. टेबल सदैव मांडलेलेच असते. यावे, आपले पैसे पुढे ठेवून बसावे, वाटेल तेव्हा उठावे. म्हणून तेथे एका दिवसाच्या दैवाला किंमत नसते, वर्षभराच्या सवयीला असते. टेबलांच्या पायऱ्या असतात, आणि हा कित्येक दिवस सर्वांत खालच्या पायरीवर हरत बसला होता. त्याला एकच पायरी वर चढावयाची होती. पैशांसाठी म्हणावे तर लॅबचे वेतन पुरेसे होते. पण आपल्या हातांना जमते ते आपल्या डोक्यालाही जमते, हे त्याला एकदा स्वतःला दाखवून द्यावयाचे होते. बायकोने दाताच्या कण्या करून सांगितले होते की हा नाद सोडा. शेवटी तिने महिन्याची एक मर्यादा घालून दिली आणि म्हणाली, दिवसभर दुसऱ्यांना दात बसवता आणि सकाळी पत्त्यांपुढे स्वतःचे विचकता, तेवढे तरी शिकून विचका. तो पहाटे उठून खेळे; लॅब उघडण्यापूर्वीचा तो काळ त्याचा स्वतःचा होता.

मास्तरांची खोली लहान आणि व्यवस्थित होती. खिडकीशी टेबल, त्यावर संगणक, शेजारी टोक केलेल्या पेन्सिलींचा पेला. पडद्यावर डाव उघडला तरी मास्तर हातात पेन्सिल धरीतच. त्यांची शिकवण्याची रीत छापखान्यातून आलेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले की हरलेले डाव आणू नकोस. हरलेल्या डावावर माणूस आधीच रडून घेतो, त्यामुळे त्याला तो दिसत नाही. ज्यांचा तुला अभिमान वाटतो ते आण. कारागीर मोठ्या दिमाखाने जिंकलेले डाव घेऊन गेला, आणि त्या रविवारी त्याच्या अभिमानाचे एकेक पान मास्तरांनी हळुवारपणे सोलून काढले. जिंकले ते दैवाने, हे त्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागले.

दुसरी रीत अशी की चाल सांगण्याआधी कारण सांगावयाचे. आणि तिसरी, जी मास्तरांची स्वतःची, ती म्हणजे पेरलेली चूक. छापखान्यातले थोरले तपासनीस नवख्या माणसाच्या हाती मुद्रित देताना त्यात एक चूक मुद्दाम घालून देत आणि ती सापडेपर्यंत त्याला उठू देत नसत. मास्तरांनी तीच प्रथा येथे आणली होती. प्रत्येक पाठात ते बोलता बोलता एखादी खोटी गोष्ट अशा सहजतेने सांगून जात की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. पाठ संपताना ते विचारीत, "सापडली का?"

प्रारंभी सापडत नसे. एकदा ते म्हणाले होते की समोरच्याने पॉटच्या, म्हणजे टेबलावर जमलेल्या रकमेच्या, निम्मे पैसे लावले तर तुला तिनात एकदा जिंकता आले तरी पुरे. कारागीर मान डोलावून पुढे गेला. घरी जाताना जिन्यावर त्याचे पाऊल थबकले, आणि तो धापा टाकीत परत वर आला.

"मास्तर, चारात एकदा. तिनात एकदा हे पॉटइतकेच लावले तर."

मास्तर दारातच उभे होते; जणू वाटच पाहत होते. "वेळ लागला," ते म्हणाले, "पण जिना तरी कामाला आला."

अशा रीतीने विद्या मुरत गेली. कारागिराच्या हातचे काम नाहीतरी सूक्ष्मच होते. केसाएवढी उंची राहिली तर दात चावताना खटकतो, हे त्याला ठाऊक होते. आता पत्त्यांतही ते खटकणे त्याला ऐकू येऊ लागले. कोणती पाने सुरुवातीलाच टाकावयाची, शेवटी बोलण्याची पाळी आपली असणे म्हणजे काय लाभ, समोरचा पैसे वाढवतो तेव्हा त्या वाढवण्यातून तो कोणती गोष्ट सांगू पाहतो आणि ती गोष्ट पहिल्यापासून जुळते का, हे सर्व तो पहाटेच्या शांततेत पारखू लागला. मास्तरांचे एक वाक्य त्याने मनात कोरून ठेवले होते: चांगल्या खेळाडूची चाल निरर्थक नसते, विचित्र दिसली तर अर्थ शोध. हे वाक्य खरेच होते. त्यानेच पुढे घात केला.

कधीपासून, हे नेमके सांगता येत नाही. एका रविवारी कारागिराला एकाऐवजी दोन चुका सापडल्या. त्याने दोन्ही सांगितल्या. मास्तर क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांच्या मुखावर ते परिचित हसू आले आणि ते म्हणाले, "शाबास. पकडलीस." पुढच्या खेपेस पुन्हा दोन. कारागिराला वाटले, आपण तयार होत चाललो म्हणून मास्तर आता पीक दाट पेरू लागले. त्याला धन्यता वाटली. घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलेही, की माझी परीक्षा आता अवघड केली आहे.

चुका वाढत गेल्या आणि विचित्र होत गेल्या. मास्तर कधी एकच उदाहरण त्याच शब्दांत दोनदा सांगत. कधी डावात शेवटी कोणाची पाळी आहे हेच उलटे सांगत. एकदा पडद्यावर टेबलाच्या मध्यभागी इस्पिकची राणी उघडी पडलेली होती, आणि मास्तर पेन्सिल रोखून समजावीत होते की समोरच्याच्या हाती इस्पिकची राणी असावी, म्हणून आपण मागे सरावे. कारागीर खो खो हसला.

"मास्तर, राणी टेबलावर आणि त्याच्या हातातही? तिला काय जुळी बहीण आहे?"

मास्तरांनी पडद्याकडे पाहिले. फार वेळ पाहिले. पेन्सिल पेल्यात ठेवावयास गेले ती पेल्याबाहेर पडली, ती त्यांनी वाकून उचलली. "जुळी," ते म्हणाले, आणि मग तेही हसले. "बरोबर पकडलीस रे."

ज्याने रविवारमागून रविवार समोरच्याच्या हातातले पान ओळखावयास शिकावे, त्याला समोरच्याच्या मुखावरची भीती ओळखता आली नाही. कारण ती पाठात येणार नाही अशी त्याची समजूत होती.

मास्तरांची एकुलती कन्या त्यांच्याबरोबर राहत असे. ती नगराच्या तरणतलावावर पोहावयास शिकवी, आणि तिच्या ओल्या केसांना सदैव त्या पाण्यातल्या औषधाचा वास येई. कारागीर तिला ताई म्हणे. एका रविवारी पाठ आटोपून तो निघाला, तेव्हा ती त्याच्यामागून जिन्याच्या वळणापर्यंत आली आणि दार ओढून घेऊन हलक्या स्वरात बोलू लागली. तिचे म्हणणे असे की बाबा हल्ली मधूनच कोठे तरी हरवतात. परवा दूध गॅसवर ठेवून खाली गेले. पाव आणावयास गेले ते जुन्या छापखान्यापर्यंत चालत गेले, आणि तेथे आता गोदाम आहे हे पाहून परत आले. त्यांना विचारले तर म्हणतात, वय झाले की पायांना जुन्या वाटा आठवतात. तिने डॉक्टरांकडे वेळ घेऊन ठेवली होती. मास्तर जावयास तयार नव्हते.

"ते म्हणतात, त्या कवळीवाल्याला विचार," ती म्हणाली. "म्हणतात, माझं डोकं कसं चालतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून विचारते. खरं सांगा, तुम्हाला काही वेगळं वाटतं का?"

कारागिराला त्या प्रश्नाने गौरव वाटला, हे त्याने पुढे स्वतःपाशी कितीदा तरी कबूल केले. कोणी आपल्याला मास्तरांच्या बुद्धीचा साक्षीदार मानावे, ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. त्याने क्षणभरही विचार केला नाही.

"ताई, अहो, अजून मला कात्रीत पकडतात. चुका करतात त्या मुद्दाम, मी शोधाव्या म्हणून. त्यांची शिकवण्याची तऱ्हाच ती. असं डोकं या वयात कुणाचं असतं?"

तिने कठड्यावर हात टेकला आणि श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. "देव पावला," ती म्हणाली. "मी उगाच भुई धोपटत होते." दुसऱ्या दिवशी तलावावरून तिने दूरध्वनी करून डॉक्टरांकडील वेळ रद्द केली.

त्यानंतरचे महिने आठवताना कारागिराला लाज वाटते ती आणखी एका गोष्टीची. त्याला हळूहळू कंटाळा येऊ लागला. चुका आता फार सोप्या झाल्या होत्या. त्यांत शोधण्याचा आनंद उरला नव्हता. मास्तर पाठाची तयारी करीत नाहीत, जुनेच उगाळतात, असे त्याला वाटू लागले. तो एव्हाना वरच्या टेबलावर बसू लागला होता, पण तेथे त्याची गाडी अडली होती. कधी पुढे, कधी मागे. कानामागून आलेले तिखट होतात. तसे त्याच्या मनात आले की मास्तरांची विद्या खालच्या पायरीपुरती होती. संगणकावरच एक तरुण शिक्षक सापडला. तो आलेख दाखवी, लक्षावधी डावांचा हिशेब करून बरोबर चाल सांगणारी यंत्रणा वापरी, आणि प्रत्येक गोष्टीला टक्के देई. कारागिराने मनाशी ठरविले.

सांगावयास तो गेला तेव्हा मास्तर खिडकीशी बसले होते. संगणक बंद होता. याने लांबण लावली: लॅबमध्ये काम वाढले आहे, रविवारही जातो. मास्तर ऐकत राहिले.

"खरं कारण सांग," ते म्हणाले. "आधी कारण, मग चाल."

मग याने सांगितले. "मास्तर, राग मानू नका. चुका आता फार सोप्या पडतात."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत रोष नव्हता, विनवणीही नव्हती. एखादे ओळखीचे अक्षर कोणत्या भाषेतले ते लागत नसावे, तशी ती होती.

"सोप्या पडतात?" त्यांनी विचारले.

"हो."

"सगळ्याच?"

"बहुतेक."

त्यांनी पेल्यातली एक पेन्सिल काढून तिचे टोक बोटाने तपासले. मग म्हणाले की तसे असेल तर तू पुढे गेलास; शिष्याकडून हरावे असे जुने लोक म्हणत आले, ते हेच. त्यांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. निरोपाचा आशीर्वाद समजून हा नम्रपणे वाकला आणि हलक्या पायांनी जिना उतरला. पुढे कित्येक महिने तो त्या रस्त्याला फिरकला नाही.

नवीन शिक्षकाकडे त्याची प्रगती झाली, हे नाकारता येत नाही. पण एके सकाळी दोघे मिळून एका डावाची चिकित्सा करीत होते. समोरचा खेळाडू नेहमीचा, तयारीचा. आणि त्याने त्या दिवशी लागोपाठ अनाकलनीय चाली खेळल्या होत्या. कारागीर प्रत्येक चालीमागचा डाव उलगडून सांगत होता: येथे तो आपल्याला आमिष दाखवतो, येथे दुबळेपणाचे सोंग आणतो. तरुण शिक्षकाने त्याला मध्येच थांबविले.

"काका, तुम्ही प्रत्येक चुकीत अर्थ का शोधता? चांगला खेळाडू अचानक असं खेळू लागला तर तो दमलाय, नाहीतर आजारी आहे. बास. काही चुका नुसत्या चुका असतात."

कारागीर पडद्याकडे पाहत राहिला. डाव पुढे सरकला, शिक्षक काही तरी बोलत होता, टक्के सांगत होता. याच्या मनासमोर मात्र इस्पिकची राणी होती, आणि तिच्याकडे फार वेळ पाहणारा एक चेहरा. त्याने मधेच संगणक बंद केला. त्या सकाळी तो लॅबमध्ये न जाता मास्तरांकडे गेला.

मास्तरांचे दार कन्येने उघडले. तिचे केस कोरडे होते. कित्येक दिवस ती तलावावर गेली नव्हती. तिने त्याला आत घेतले, बसविले आणि जे घडले ते थोडक्यात सांगितले. बाबांना आता एकटे ठेवता येत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि दिवसभर मारीतच राहिले. तपासण्या झाल्या, आज मोठ्या डॉक्टरबाईंकडे निकाल समजावून घ्यावयास जावयाचे आहे. तिच्या स्वरात त्याच्याविषयी कसलाही आकस नव्हता, उलट तो आला याचे बरेच वाटल्यासारखे होते. ती म्हणाली, बरोबर चला. डॉक्टर जुने काही विचारतात, आणि माझ्याहून जास्त वेळ त्यांच्यासमोर तुम्ही बसलात.

दवाखान्याच्या प्रतीक्षालयात भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या होत्या. कन्या खिडकीवर कागद दाखवावयास गेली, आणि मास्तर व कारागीर शेजारी शेजारी उरले. मास्तर कोटाची गुंडी लावीत होते, काढीत होते. मग अकस्मात, जणू मधले महिने झालेच नव्हते, अशा स्वच्छ स्वरात ते बोलले.

"तुला एक गंमत सांगू? तू चूक पकडलीस ना, की मला फार बरं वाटायचं."

कारागिराने मान खाली घातली.

"वाटायचं, म्हणजे ही मीच पेरली असणार. नाहीतर तू हसला नसतास."

"पेरली नव्हती का, मास्तर?"

"कोण जाणे," मास्तर म्हणाले. "पेरल्याचं आठवायचं नाही. पण तू हसायचास." आणि ते पुन्हा गुंडीकडे वळले.

आत डॉक्टरबाईंनी मेंदूची चित्रे उजेडावर धरून दाखविली आणि सौम्य शब्दांत सांगितले की हे विस्मरण आता बरे होणारे नाही. औषधाने वेग थोडा आवरता येईल. मग त्यांनी मास्तरांनाच विचारले, की आजोबा, तुमची काळजी कोणी, कोठे घ्यावी, तुम्हाला काय हवे, काय नको, याविषयी तुमचे काही म्हणणे आहे का. मास्तरांनी अत्यंत सभ्यपणे उत्तर दिले की मजकूर अजून जुळाऱ्याकडून आलेला नाही. डॉक्टरबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या कन्येला म्हणाल्या की हे प्रश्न थोडे आधी विचारता आले असते तर त्यांनी स्वतः उत्तरे दिली असती. आता ती तुम्हाला द्यावी लागतील. आणि मग, नोंदीसाठी, त्यांनी तो प्रश्न विचारला: हे प्रथम कधी लक्षात आले?

"मला वाटतं, या उन्हाळ्यात," कन्या म्हणाली. "त्याआधी ठीक होते. गेल्या वर्षी मला शंका आली होती, पण तेव्हा..." ती कारागिराकडे वळली, साक्ष काढावी तशी. "तेव्हा ठीक होते ना?"

येथे त्याला पळवाट होती. तेथल्या कोणीही त्याला खोटे पाडले नसते; मास्तरांनी तर मुळीच नाही. नुसती मान हलविली असती तरी ती घरी जाऊन सुखाने झोपली असती, आणि तोही.

"नाही, ताई," तो म्हणाला. "नव्हते ठीक. तुम्ही जिन्यात विचारलंत त्याच्या कितीतरी आधीपासून. एकच गोष्ट दोनदा सांगायचे. समोर दिसणारं पान विसरायचे. मी सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, मुद्दाम करतात. मी मोजत बसलो, किती पकडल्या."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतले. लेखणीचा आवाज थांबेपर्यंत कन्या समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

बाहेर पडल्यावर तिने मास्तरांच्या कोटाची गुंडी लावली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बसथांब्याकडे चालू लागली. कारागीर औषधांची पिशवी घेऊन मागे होता. थांब्यावर ती त्याच्याकडे न पाहता बोलली.

"मी तलावावरून डॉक्टरांकडे फोन केला होता, येत नाही म्हणून. फोन ठेवला आणि पाण्यात उतरले. इतकं हलकं वाटलं होतं, की मुलांना सोडून मी स्वतःच पोहत राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत."

आपला दोष सांगावा, क्षमा मागावी, असे त्याला वाटत होते. पण क्षमा मागणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणे, हे त्याला कळले, आणि त्याने औषधांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

बस आली. तिने मास्तरांना आधार देऊन वर चढविले, खिडकीशी बसविले आणि त्यांच्या शेजारी बसली. कारागीर पायरीशी उभा होता. तिने हात पुढे केला तेव्हा त्याला वाटले, वर ये म्हणते; पण ती पिशवी मागत होती. त्याने ती दिली. खिडकीच्या काचेआड मास्तर बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचीत होते, ओठ हलवीत, एकेक अक्षर. दार मिटले.

तो लॅबकडे चालू लागला. त्या आठवड्याच्या कवळ्या घासावयाच्या राहिल्या होत्या.